मातांचा कैवारी : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस



आपणांपैकी पुष्कळांच्या घरी एखादी तरी परिचारिका असेल. आई असेल, बहीण असेल, सून असेल. मिरजेपासून वेल्लोरपर्यंत आणि लुधियान्यापर्यंत आपल्या कितीतरी भगिनी मिशनच्या इस्पितळांत राबल्या आहेत. रात्रपाळी आटोपून त्या घरी येतात तेव्हा त्यांच्या हातांची कातडी कोरडी पडलेली दिसते. दिवसभरात किती वेळा हात धुतले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाण्याआधी हात धुवावेत, हा नियम श्वास घेण्याइतका अंगवळणी पडलेला असतो. परंतु हा नियम आकाशातून पडलेला नाही. तो सांगणाऱ्या माणसाला त्यापायी नोकरी गमवावी लागली, मित्र दुरावले, आणि अखेरीस त्याचे चित्तही स्थिर राहिले नाही. त्या माणसाचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरात, ताबान नावाच्या भागात झाला. पुढे बुडा आणि पेस्ट ही डॅन्यूब नदीच्या दोन तीरांवरची नगरे एक होऊन बुडापेस्ट झाले. वडील किराणा मालाचे सुखवस्तू व्यापारी, घर कॅथलिक, दहा भावंडांत इग्नाझ पाचवे. मुलाने कायदा शिकावा अशी घरची इच्छा, म्हणून १८३७ साली ते व्हिएन्नाला गेले. पण थोड्याच काळात त्यांनी कायद्याची पुस्तके मिटली आणि वैद्यकाचा अभ्यास धरला. १८४४ साली ते डॉक्टर झाले.

त्या काळचे व्हिएन्ना म्हणजे वैद्यकाची राजधानीच. रोकितान्स्की हे शवविच्छेदनाने रोगाचे मूळ शोधीत होते, श्कोडा छातीवर बोटे वाजवून आणि कान लावून आतील बिघाड ओळखीत होते, हेब्रा त्वचारोगांची नव्याने मांडणी करीत होते. रुग्ण जिवंत असताना त्याची लक्षणे नीट टिपायची आणि तो दगावल्यावर त्याच्या देहात काय आढळते ते त्या लक्षणांशी ताडून पाहायचे, ही त्यांची रीत. तरुण सेमेलवाइस या तिघांचे आवडते शिष्य झाले. ही रीत त्यांनी मनोभावे उचलली. ज्या गोष्टीने त्यांना पुढे पोळले, तिचे बीजही या रीतीतच होते, ते आपण लवकरच पाहू.

१ जुलै १८४६ रोजी, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात पहिल्या प्रसूतिविभागाचे साहाय्यक डॉक्टर म्हणून रुजू झाले. विभागाचे प्रमुख प्राध्यापक योहान क्लाइन होते.

या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. तेथे येणाऱ्या स्त्रिया बहुतांशी गरीब, कित्येक अविवाहित, समाजाने दाराबाहेर काढलेल्या. त्यांच्याकडून पैसे घेतले जात नसत. मोबदल्यात त्यांच्या देहावर विद्यार्थ्यांनी शिकायचे. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. एक दिवस भरती पहिल्या विभागात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या, असा पाळीचा क्रम ठरलेला होता. म्हणजे कोणती बाई कोठे जाणार हे केवळ तिच्या कळा कोणत्या दिवशी सुरू झाल्या यावर अवलंबून असे.

आणि शहरातील गोरगरिबांना ठाऊक होते की पहिला विभाग म्हणजे मरण. आपण पहिल्या विभागात आलो आहोत असे कळताच बाया गुडघे टेकून, हात जोडून, सोडून देण्यासाठी विनवण्या करीत. कित्येकींची वाटेतच, रस्त्यावर प्रसूती होई. आश्चर्य असे की रस्त्यावर बाळंत होऊन मग विभागात आलेल्या या स्त्रियांना तो जीवघेणा ताप क्वचितच येई!

तो ताप म्हणजे सूतिकाज्वर. आपल्याकडे त्याला बाळंतज्वर असेही म्हणतात. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत हुडहुडी भरते, ताप चढतो, पोट फुगते आणि स्पर्शही सोसवेनासा होतो, नाडी धावू लागते, आणि बहुधा आठवडाभरात सारे संपते. मागे नवजात बाळ उरते. त्यांपैकीही काही त्याच विकाराने जात. प्रतिजैविके येण्यापूर्वी अशा आठवणी भारतातील कोणत्या घराण्यात नाहीत?

सेमेलवाइस यांनी रुग्णालयाच्या नोंदवह्या उघडल्या. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४०१० स्त्रियांची प्रसूती झाली आणि त्यांतील ४५९ दगावल्या. दुसऱ्या विभागात ३७५४ पैकी १०५ गेल्या. एकीकडे शेकडा ११ हून अधिक, दुसरीकडे शेकडा ३ हून कमी. मधे एक भिंत. हवा तीच, शहर तेच, ऋतू तोच, अन्न तेच. त्या काळी विद्वानांचे ठाम मत होते की हा ताप दूषित हवेमुळे, पृथ्वी-आकाशातील काही अज्ञात बदलांमुळे येतो. मग ही दूषित हवा एका दारातून आत शिरते आणि शेजारच्या दाराशी थबकते काय?

वाचकहो, यानंतरचे त्यांचे वर्तन लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. त्यांनी कोणताही नवा सिद्धान्त मांडला नाही. ते एकेक कारण हाती घेत, तपासत, आणि टाकून देत. गर्दीमुळे ताप येतो म्हणावे, तर भीतीने बाया दुसऱ्या विभागात जाण्याची धडपड करीत आणि गर्दी तेथेच जास्त होती. विद्यार्थी, विशेषतः परदेशी विद्यार्थी, तपासताना दांडगाई करतात असे एका सरकारी समितीने ठरवले आणि त्यांची संख्या निम्म्याच्या आसपास आणली. मृत्यू थोडे उतरले आणि पुन्हा चढले. दुसऱ्या विभागात बाई कुशीवर निजून बाळंत होते, पहिल्यात पाठीवर. म्हणून त्यांनी पहिल्या विभागातही कुशीवर निजवून पाहिले. फरक शून्य.

धर्मगुरूंची गोष्ट तर आपणांसारख्यांनी विसरू नये अशी आहे. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचा संस्कार देण्यासाठी धर्मगुरू येत तेव्हा पुढे एक सेवक घंटा वाजवीत चाले. दुसऱ्या विभागात ते थेट आजाऱ्यांच्या खोलीत पोहोचत. पहिल्यात मात्र त्यांना पाच कक्ष ओलांडून जावे लागे. दिवसातून कितीदा तरी ती घंटा निरोगी बाळंतिणींच्या उशाजवळून वाजत जाई. प्रत्येकीच्या मनात एकच विचार : उद्या माझी पाळी. या भीतीनेच ताप येत असेल काय? सेमेलवाइस यांनी धर्मगुरूंना विनंती केली की त्यांनी घंटा न वाजवता, वळसा घेऊन, कोणाच्या दृष्टीस न पडता रुग्णखोलीत यावे. धर्मगुरूंनी ते मान्य केले. घंटा थांबली, मृत्यू थांबले नाहीत. संस्काराचा अनादर करण्याचा हेतू येथे मुळीच नव्हता. स्वतः सेमेलवाइस यांनाही त्या घंटेचा आवाज जिव्हारी लागे, हे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे.

या साऱ्या काळात ते रोज पहाटे उठून शवागारात जात. ज्या स्त्रिया दगावल्या त्यांचे देह उघडून पाहत, कारण शोधीत. मग तेथून थेट प्रसूतिकक्षात जाऊन जिवंत स्त्रियांची तपासणी करीत. विद्यार्थीही तसेच करीत. साबणाने हात धूत असत, पण शवाचा वास हातांवर दिवसभर राही. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. वास ही अभ्यासू डॉक्टरची खूणच मानली जाई.

ऑक्टोबर १८४६ मध्ये त्यांच्या आधीचे साहाय्यक, डॉ. ब्राइट, पुन्हा जागेवर आले आणि सेमेलवाइस यांना काही महिने पद सोडावे लागले. २० मार्च १८४७ रोजी ते परत रुजू झाले. मधल्या रजेत मन हलके करावे म्हणून ते मित्रांसमवेत व्हेनिसची चित्रे पाहून आले होते. परतताच बातमी कानी पडली : न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का वारले. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली, जखम चिघळली, आणि १३ मार्चला त्यांचा अंत झाला.

कोलेच्का हे सेमेलवाइस यांना फार जवळचे. दुःखाने व्याकूळ होऊन त्यांनी मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल मागवून वाचला. हाताच्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या सुजलेल्या, फुप्फुसांची आवरणे, हृदयाचे आवरण, उदराचे अस्तर, मेंदूचे आवरण, सर्वत्र पू आणि दाह. वाचता वाचता ते थबकले. हे वर्णन त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते, स्वतः लिहिले होते. हा तर सूतिकाज्वर! पण कोलेच्का पुरुष होते, त्यांची प्रसूती झालेली नव्हती. मग दोहोंत समान काय? कोलेच्का यांच्या देहात सुरीने शवातील द्रव्य शिरले. बाळंतिणींच्या देहात ते कोणी नेले? तेथे सुरी नव्हती.

हात होते. डॉक्टरांचे, विद्यार्थ्यांचे, आणि स्वतः सेमेलवाइस यांचे.

सुईणी शवविच्छेदन करीत नसत, म्हणून दुसरा विभाग सुरक्षित. रस्त्यावर बाळंत झालेल्या बाईची पुन्हा आतून तपासणी करण्याचे कारण उरत नसे, म्हणून ती वाचे. सारे कोडे एका क्षणात उलगडले आणि उलगडताच ते उलगडणाऱ्याच्या छातीवर येऊन आदळले. आकडे पाहा. ते पदावर नव्हते त्या काळात, फेब्रुवारी १८४७ मध्ये, ३१२ पैकी ६ स्त्रिया गेल्या होत्या. मार्चमध्ये ३०५ पैकी ११. ते परत येऊन पुन्हा उत्साहाने शवागारात जाऊ लागल्यावर एप्रिलमध्ये ३१२ पैकी ५७ गेल्या. शेकडा १८! आपल्याइतकी शवे फार थोड्या प्रसूतितज्ज्ञांनी तपासली असतील, आणि आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली कबरेत गेल्या ते एक देवच जाणे, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात जाहीरपणे नोंदवली.

वैद्यकाच्या इतिहासात अशा कबुल्या फार नाहीत. पिलातानेही लोकांसमोर हात धुतले होते, पण ते आपण निर्दोष आहोत हे दाखविण्यासाठी. या तरुण डॉक्टरने पाण्याचे पात्र मागवले ते आपले हात दोषी आहेत हे मान्य करून.

मे १८४७ च्या मध्यास विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या द्रावणाचे पात्र ठेवले गेले. पुढे ते महाग पडते म्हणून क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर, वापरात आली. क्लोरीनच का? कारण शवाचा तो चिवट वास त्यानेच जाई. ज्याने वास जातो त्याने वास देणारे द्रव्यही नष्ट होत असले पाहिजे, एवढा साधा तर्क. सूक्ष्मजंतूंचे ज्ञान अजून जन्माला यायचे होते. प्रत्येक विद्यार्थ्याने आत पाऊल टाकण्यापूर्वी या पाण्यात हात चोळून धुतलेच पाहिजेत, असा हुकूम सुटला. कातडी सोलवटे, विद्यार्थी कुरकुरत. साहाय्यक डॉक्टर दाराशी पहारेकऱ्यासारखे उभे राहत.

मे महिन्यात शेकडा १२ दगावल्या होत्या. जूनमध्ये २६८ पैकी ६, जुलैमध्ये २५० पैकी ३, ऑगस्टमध्ये २६४ पैकी ५. वर्षानुवर्षे जे घडले नव्हते ते एका पाण्याच्या पात्राने तीन महिन्यांत घडवले.

पण संशोधकाची खरी परीक्षा यश आल्यानंतर होते. त्या ऑक्टोबरात एक घटना घडली. गर्भाशयाच्या कर्करोगाने पोखरलेली, पूयुक्त स्राव वाहत असलेली एक स्त्री भरती झाली आणि तिला ज्या खाटेपासून फेरी सुरू होई त्या पहिल्या खाटेवर ठेवले गेले. डॉक्टर आत येताना क्लोरीनने हात धुवून आले होते. तिला तपासल्यावर मात्र साबणपाण्यानेच धुवून पुढच्या खाटांकडे गेले. त्या वेळी बाळंत झालेल्या १२ स्त्रियांपैकी ११ मरण पावल्या. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की क्लोरीनचा उपाय फसला. सेमेलवाइस यांनी या अकरा मृत्यूंतून धडा घेतला : विष केवळ मेलेल्यांच्या देहातच असते असे नाही, जिवंत रुग्णाच्या सडणाऱ्या जखमेतूनही ते हातांवर येते. तेव्हापासून प्रत्येक दोन तपासण्यांच्या मधे क्लोरीनने हात धुणे सक्तीचे झाले. नोव्हेंबरात गुडघ्याचे हाड सडलेली एक स्त्री आली. तिच्या कक्षातील जवळजवळ सर्व बाळंतिणी दगावल्या. तिला कोणी तपासताना चूक केली नव्हती. तिच्या जखमेतील घाणीने खोलीची हवाच भरून गेली असावी, असा निष्कर्ष काढून त्यांनी अशा रुग्णांना वेगळ्या खोलीत ठेवण्याचा नियम केला. आज आपण ज्याला विलगीकरण म्हणतो ते हेच.

१८४८ साली, संपूर्ण वर्षात, पहिल्या विभागात ३५५६ प्रसूती झाल्या आणि ४५ स्त्रिया गेल्या. मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत एकही गेली नाही. दोन्ही विभागांतील फरक नाहीसा झाला.

आता वाचकांना वाटेल की साऱ्या युरोपने हा शोध डोक्यावर घेतला असेल. तसे झाले नाही, आणि याचा सगळा दोष विरोधकांच्या माथी मारणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. सेमेलवाइस यांना लिहिण्याचा विलक्षण कंटाळा होता. जवळजवळ दहा वर्षे त्यांनी स्वतःच्या नावाने काही छापले नाही. १८४७ च्या डिसेंबरात आणि पुढच्या एप्रिलात हेब्रा यांनी, आणि १८४९ मध्ये श्कोडा यांनी, त्यांच्या वतीने ही वार्ता जगापुढे मांडली. त्यामुळे बाहेरच्यांना एवढेच कळले की शवातील विषाने ताप येतो. जेथे डॉक्टर शवविच्छेदन करीतच नव्हते तेथील लोक म्हणाले, मग आमच्याकडे ताप का येतो? ऑक्टोबरातील त्या कर्करोगी स्त्रीची हकीकत, जिच्यात या प्रश्नाचे उत्तर होते, ती बहुतेकांपर्यंत पोहोचलीच नाही. इंग्रज डॉक्टर म्हणाले, यात नवे ते काय? ॲबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ साली आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ साली सांगितलेच होते की डॉक्टर आणि सुईणी हा ताप एकीकडून दुसरीकडे नेतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

तरीही विरोधाचे खोल कारण निराळे होते. हा सिद्धान्त मान्य करायचा म्हणजे आपल्याच हातून आपल्या रुग्णांचा मृत्यू झाला हे मान्य करायचे. उत्तर जर्मनीतील कील येथील मिखाएलिस नावाच्या प्रसूतितज्ज्ञांनी ते मान्य केले. त्यांनी क्लोरीनने हात धुणे सुरू केले, मृत्यू घटले, आणि त्यांना आपली चुलत बहीण आठवली. काही काळापूर्वी त्यांनीच तिचे बाळंतपण केले होते आणि ती सूतिकाज्वराने गेली होती. तो भार त्यांना पेलवला नाही. ऑगस्ट १८४८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. ज्यांना असा भार नको होता त्यांनी सिद्धान्तच नाकारला. दोन्ही गोष्टी मानवी आहेत. पण नाकारणाऱ्यांच्या विभागांत स्त्रिया मरत राहिल्या.

प्राध्यापक क्लाइन यांना आपला हा साहाय्यक डोईजड वाटू लागला होता. त्यात १८४८ च्या क्रांतीने व्हिएन्ना ढवळून निघाले होते आणि हंगेरियन माणसाकडे संशयाने पाहिले जात होते. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली. ती वाढवली गेली नाही. दीड वर्ष अर्जविनंत्या करून अखेर ऑक्टोबर १८५० मध्ये त्यांना शिकवण्याची परवानगी मिळाली ती केवळ लाकडी-कातडी पुतळ्यावर, जिवंत रुग्णांवर नाही. पाच दिवसांच्या आत त्यांनी व्हिएन्ना सोडले. ज्या हेब्रा आणि श्कोडा यांनी त्यांच्यासाठी इतके केले, त्यांचा निरोपही घेतला नाही. श्कोडा यांच्या मनातून ती सल बहुधा कधीच गेली नाही. व्हिएन्नाच्या त्या पहिल्या विभागात मृत्यूंचे प्रमाण हळूहळू चढत गेले. १८५४ साली ते पुन्हा शेकडा ९ वर पोहोचले.

पेस्टमध्ये मे १८५१ पासून ते सेंट रोकुस रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षाचे प्रमुख झाले. पद मानाचे, पगार नाही. तेथील कक्ष पूर्वी शल्यविभागाच्या डॉक्टरकडे असे. जखमा आणि शवे हाताळून मग ते बाळंतिणींकडे येत. सेमेलवाइस यांनी येथेही तेच पात्र, तेच पाणी, तीच शिस्त आणली. सहा वर्षांत ९३३ प्रसूती झाल्या, सूतिकाज्वराने ८ मृत्यू. १८५५ साली ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथील कक्ष कोंदट, जागा अपुरी. एकदा मृत्यू अचानक वाढले तेव्हा त्यांना आढळले की आधीच्या बाळंतिणींच्या रक्ताने आणि स्रावाने माखलेल्या चादरी न धुताच पुन्हा अंथरल्या जात होत्या. त्या दुर्गंधी येणाऱ्या चादरी काखोटीला मारून ते थेट वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कचेरीत गेले आणि त्यांच्यापुढे ठेवल्या, अशी हकीकत सांगतात. नव्या चादरी आल्या.

१८५७ मध्ये त्यांनी मारिया वाइडेनहोफर या आपल्याहून बरीच वर्षे लहान असलेल्या तरुणीशी विवाह केला. पाच मुले झाली. त्यांतील दोन अगदी तान्हेपणीच गेली.

अखेर १८६१ साल छापलेला त्यांचा मोठा जर्मन ग्रंथ बाहेर पडला. त्यात सूतिकाज्वराची कारणे, स्वरूप आणि प्रतिबंध यांचे विवेचन आहे. आकड्यांचे तक्ते मोलाचे, पण मांडणी पसरट, पुनरुक्तीने भरलेली, आणि मधूनमधून कडवट. मोठमोठ्या प्राध्यापकांनी, बर्लिनच्या फिर्खोव यांच्यासह, त्याकडे पाठ फिरवली. मग सेमेलवाइस यांनी उघडी पत्रे छापून नामांकित प्रसूतितज्ज्ञांना नावानिशी खुनी ठरवले. त्यांच्या संतापाचे कारण आपण समजू शकतो. ते प्रत्येक मृत्यूकडे टाळता आला असता असा मृत्यू म्हणून पाहत होते. परंतु ज्या माणसाने प्रथम स्वतःला दोषी म्हटले होते त्याचा शब्द आता केवळ दुसऱ्यांवर आसूड ओढू लागला होता, आणि आसुडाने कोणी हात धूत नाही. त्यांचे स्नेहीही हळूहळू मूक झाले.

१८६५ च्या उन्हाळ्यात त्यांचे वागणे बदलले. स्मृती ढळू लागली, बोलणे भरकटू लागले. जुलैअखेर पत्नी त्यांना घेऊन व्हिएन्नाला आल्या. स्थानकावर जुने मित्र हेब्रा उतरवून घेण्यास आले होते. एक नवे रुग्णालय दाखवतो असे सांगून त्यांना मनोरुग्णांच्या संस्थेत नेण्यात आले. आपण कोठे आलो हे ध्यानात येताच त्यांनी निघून जाण्याची धडपड केली. तेथील रखवालदारांनी त्यांना बेदम मारहाण केली, असे नंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते. त्यांना अंधाऱ्या कोठडीत ठेवले गेले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला जखम झालेली होती. ती चिघळली, विष रक्तात पसरले. १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते वारले. त्यांचे शवविच्छेदन झाले तेव्हा अंगात जागोजागी पू आढळला. अठरा वर्षांपूर्वी मित्राच्या अहवालात त्यांनी जे वाचले होते, तेच.

त्याच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्टला, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली सापडून पाय मोडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली होती. जखम न चिघळता भरली आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. व्हिएन्नातील कोठडीत कोण मरत आहे, याची लिस्टर यांना गंधवार्ताही नव्हती. १८७९ साली पॅरिसमधील एका सभेत एक विद्वान वक्ता सूतिकाज्वराची नेहमीची गूढ कारणे सांगत असता लुई पाश्चर उठले आणि त्यांनी फळ्यावर साखळीसारखे जोडलेले ठिपके काढून दाखवले. सेमेलवाइस ज्याला सडलेले द्रव्य म्हणत आले होते, ते हे जंतू, आज ज्यांना स्ट्रेप्टोकॉकस म्हणतात.

१८९१ साली त्यांच्या अस्थी व्हिएन्नाहून बुडापेस्टला आणल्या गेल्या. १९६९ साली तेथील वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. २००९ पासून जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी ५ मे रोजी रुग्णालयांना हात धुण्याची आठवण करून देते. ताबानमधील ज्या घरात त्यांचा जन्म झाला तेथे आता वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, आणि १९६४ पासून त्याच घराच्या अंगणातील भिंतीत त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत.